धर्मानंदांची गुहा आणि आपली दहा दिवसांची रजा

हल्ली ओळखीपाळखीत असा एखादा तरी भेटतोच, जो दहा दिवस इगतपुरीला किंवा दुसऱ्या कुठल्या केंद्रावर ‘बसून’ आलेला असतो. शाळामास्तर असतो, बँकेतला अधिकारी असतो, कधी मुलांची लग्ने उरकून मोकळी झालेली गृहिणी असते. परत आल्यावर दोन-चार दिवस ही मंडळी हळू आवाजात बोलतात, रात्री जेवायला नको म्हणतात, आणि अनुभव विचारला की एक वाक्य हमखास सांगतात : बुद्धाच्या काळी लोक जसे बसत, अगदी तसेच आम्ही बसलो.

हे वाक्य खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. बसण्याची रीत जुनी असेल, शिबिर मात्र जुने नाही. दहा दिवसांची मुदत, संसारी नोकरदाराला मिळणारा प्रवेश, घंटेवर चालणारे वेळापत्रक आणि अकराव्या दिवशी सकाळी घरचा रस्ता, ही सगळी व्यवस्था विसाव्या शतकातली आहे. ती नव्हती तेव्हा ध्यान शिकू पाहणाऱ्या गृहस्थाला काय करावे लागे? याचे उत्तर शोधायला आपल्याला गोव्याबाहेरचा माणूस लागत नाही. साखवाळच्या धर्मानंद दामोदर कोसंबींनी ते सारे स्वतः करून पाहिले आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मवृत्तात आपल्या त्या भटकंतीची हकीकत लिहून ठेवली.

कोसंबींना आपण पाली भाषेचे पंडित म्हणून ओळखतो, किंवा गणिती-इतिहासकार दामोदर कोसंबींचे वडील म्हणून. विहारांतून मुक्काम करत हिंडलेला एक प्रवासी म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मला स्वतःला मात्र त्यांचे हेच रूप अधिक जवळचे वाटते.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. पोर्तुगीज अमदानीतला गोवा, घरची नारळांची बागायत, शाळा जेमतेम, प्रकृती नाजूक. पंधरा-सोळाव्या वर्षी चिखलीच्या लाड घराण्यातल्या बाळाबाईंशी लग्न झाले. तुकोबांच्या अभंगांचा मनाला आधार होता. अशात १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे एक छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि हा माणूस पुरता पालटला. मुलांसाठी लिहिलेला एक लेख वाचून कोणी घर सोडतो, हे आज ऐकायला अजब वाटते. पण त्या काळी गोव्यात राहून बुद्धाविषयी याहून अधिक काही कळण्याची सोयच नव्हती. इथे एके काळी बौद्ध वस्ती होती याच्या खुणा जमिनीत होत्या, पण त्या वाचणारा कोणी नव्हता. कोलवाळच्या मुशीर वाड्यावर फादर हेरास यांना बुद्धाची मूर्ती मिळाली ती १९३० साली, म्हणजे कोसंबी पन्नाशी ओलांडून गेल्यावर.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पुण्यात डॉ. भांडारकरांची गाठ घेतली, ग्वाल्हेर-इंदूरकडे फिरले, काशीला जाऊन अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ मध्ये नेपाळात गेले, कारण तिथे बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकले होते. काठमांडूला जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. तिथून बुद्धगया, बुद्धगयेहून कलकत्त्याची महाबोधी सभा, आणि तिथून सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. हा नकाशा नीट पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. बुद्ध ज्या भूमीत जन्मला, हिंडला आणि निवर्तला, तिथे त्याचे शिकवणे शिकायला जाऊन राहावे असे ठिकाण कोसंबींना सापडले नाही. अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये स्थापलेली महाबोधी सभा हीदेखील मूळ कोलंबोची. ज्ञान समुद्रापलीकडे जाऊन बसले होते.

कोलंबोला माळिगाकंद भागात विद्योदय परिवेण होते. हिक्कडुवे श्री सुमंगल या थोर भिक्षूंनी ते १८७३ मध्ये सुरू केले होते. परिवेण म्हणजे भिक्षूंची पाठशाळा. कोसंबी तिथे श्रामणेर झाले, म्हणजे डोके मुंडून चीवर अंगावर घेतले. त्या काळी विहारात राहून शिकायचे तर हाच सरळ मार्ग होता. शिकायला मिळाली ती पाली भाषा आणि सुत्ते. ध्यान नव्हे. यात विद्योदयाचा दोष नव्हता. बौद्ध संघात फार पूर्वीपासून दोन ‘धुरा’ मानल्या जातात : ग्रंथधुरा आणि विपश्यनाधुरा. एक पोथी सांभाळणाऱ्यांची, दुसरी ध्यान करणाऱ्यांची. पोथी हरवली तर धर्मच हरवेल या भीतीने शतकानुशतके पहिल्या धुरेला मान जास्त मिळाला. दुसरी धुरा वाहणारे मोजके भिक्षू रानात, गुहांत राहत.

मग सामान्य उपासकाच्या वाट्याला काय येई? पौर्णिमेचा दिवस. श्रीलंकेत त्याला ‘पोया’ म्हणतात. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून लोक विहारात जातात, आठ शीले घेतात, दुपारनंतर अन्न घेत नाहीत, प्रवचन ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. आपल्या एकादशीशी ज्याची ओळख आहे त्याला हे परके वाटणार नाही. भिक्षूंसाठी पावसाळ्याचा तीन महिन्यांचा ‘वस्सावास’ असे. पायी फिरणाऱ्या भिक्षूंनी पावसात एका जागी थांबावे, असा बुद्धाने नियम घालून दिला. आमच्याकडे पर्तगाळी किंवा कवळे मठाच्या स्वामींचा चातुर्मास असतो, त्याच जातीची ही गोष्ट. एका जागी राहून साधना करण्याचा बौद्ध परंपरेतला सर्वांत जुना नियमित मुक्काम हाच. पण तो संन्याशाचा. गृहस्थाने त्या काळात दान द्यायचे आणि पुण्य घ्यायचे.

सिंहलद्वीपातले खाणे कोसंबींच्या प्रकृतीला मानवले नाही. पण तिथेच त्यांना पाली आली, आणि पाली आल्यामुळे ज्या ग्रंथाने त्यांचे उरलेले आयुष्य व्यापले तो ‘विशुद्धिमार्ग’ त्यांच्या हाती लागला. पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात राहून बुद्धघोषाचार्यांनी लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे ध्यानमार्गाची संपूर्ण संहिताच. चित्त एकाग्र करण्याचे चाळीस विषय त्यात सांगितले आहेत, कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणता विषय मानवेल हेही सांगितले आहे. परंतु त्याआधी दोन याद्या येतात. कारकुनी पेशामुळे असेल, मला त्या याद्या फार आवडतात.

पहिली यादी दहा ‘पलिबोधां’ची, म्हणजे अडथळ्यांची. आवास, कुल, लाभ, गण, कर्म, अद्धान, ज्ञाती, आबाध, ग्रंथ आणि ऋद्धी. आवास म्हणजे राहती जागा. कुल म्हणजे ज्यांच्याशी लागेबांधे जडले ती घरे. लाभ म्हणजे मिळणारे दान आणि मान. गण म्हणजे शिष्यांचा गोतावळा. कर्म म्हणजे हातातले बांधकामासारखे अर्धवट काम. अद्धान म्हणजे प्रवास. ज्ञाती म्हणजे आईबाप, भावंडे, गुरू, शिष्य, आबाध म्हणजे आजार, ग्रंथ म्हणजे पाठांतराची जबाबदारी आणि ऋद्धी म्हणजे सिद्धी. हे दहा तोडल्याशिवाय बसू नये, असे आचार्य बजावतात. सिद्धी हा अडथळा आपल्यापैकी कोणाला होण्याचे भय नाही, पण उरलेले नऊ ओळखीचे आहेत.

दुसरी यादी ध्यानाला न मानवणाऱ्या विहारांची. असे अठरा दोष सांगितले आहेत. फार मोठा विहार नको, कारण तिथे माणसे फार आणि कामे फार. अगदी नवा नको, बांधकाम संपलेले नसते. पडका नको, दुरुस्ती काढावी लागते. फुलांचा, फळांचा नको, लोक तोडायला येतात. प्रसिद्ध नको, लोक दर्शनाला येतात. शहराजवळ नको, बंदराजवळ नको, राज्याच्या सीमेवर नको. आणि हमरस्त्यावरचा तर मुळीच नको, कारण रात्री-अपरात्री प्रवासी येतात आणि त्यांची सोय करण्यात भिक्षूचा वेळ जातो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी ध्यानस्थानाचा प्रवाशांशी संबंध होता तो एवढाच : प्रवासी ही एक कटकट होती. आज जगभरची ध्यानकेंद्रे प्रवाशांवरच चालतात. हा उलटफेर कसा झाला, तिकडे आता वळू.

श्रीलंकेतून कोसंबी मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तिथे त्यांना भिक्षुसंघात पूर्ण प्रवेश मिळाला. १९०४ च्या अखेरीस ते आणि न्यानतिलोक नावाचे एक जर्मन भिक्षू रंगूनहून उत्तरेला निघाले. हे न्यानतिलोक मूळचे आंटोन ग्युट, व्हायोलिन वाजवणारे, कोसंबींहून दोन वर्षांनी लहान. मंडालेजवळ इरावती नदीच्या काठी सगाईंचे डोंगर आहेत. डोंगरभर पांढरे पॅगोडे आणि अधूनमधून भिक्षूंच्या गुहा. त्यांतल्या एका गुहेत, लोक ज्यांना अर्हत् मानत अशा एका भिक्षूंच्या हाताखाली, या दोघांनी शमथ आणि विपश्यनेचा अभ्यास केला. साखवाळचा एक आणि जर्मनीचा एक, समान भाषा पाली. बौद्ध ध्यानासाठी दूरदेशाहून येऊन राहणाऱ्या आधुनिक प्रवाशांची जी मोठी रांग पुढे लागली, तिच्या अगदी पुढच्या टोकाला एक गोवेकर उभा आहे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवायला हवी.

पण त्या गुहेत बसण्याचे मोल पाहा. पाच वर्षांची पायपीट, तीन देश, एक नवी भाषा, अंगावर चीवर, आणि मागे गोव्यात बायको व मुलगी. दहा पलिबोधांपैकी ‘ज्ञाती’ तोडणे म्हणजे काय, हे बुद्धघोषांनी एका शब्दात लिहिले. बाळाबाईंना ते वर्षानुवर्षे जगावे लागले.

गंमत अशी, की कोसंबी ब्रह्मदेशात हिंडत होते त्याच वर्षांत ही सारी व्यवस्था बदलायला लागली होती. आणि त्या बदलाची एक कडी आपल्या कोकणात आहे. रत्नागिरीचा थिबा पॅलेस कोणी पाहिलेला नाही? १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत करून हद्दपार केले. १८८६ पासून तो रत्नागिरीत होता, पॅलेस बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तिथेच तो वारला. आपल्या दृष्टीने ही एका दुर्दैवी राजाची कहाणी. ब्रह्मदेशाच्या दृष्टीने मात्र धर्माचा आधारस्तंभ उन्मळला होता. संघाला शिस्त लावणे, विहारांना सांभाळणे, परीक्षा घेणे हे राजाचे काम. थिबाचे वडील मिंडोन यांनी तर संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते. इंग्रज सरकार यांतले काही करणार नव्हते. मग धर्म राखायचा कोणी?

लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूंनी उत्तर दिले : प्रजेने. गावोगाव हिंडून त्यांनी अभिधम्मासारखा अवघड विषय साध्या बर्मी भाषेत शेतकऱ्यांपुढे आणि बायाबापड्यांपुढे मांडला, छोट्या पुस्तिका लिहिल्या, मंडळे काढली. आणि पुढे जाऊन सांगितले, की विपश्यना गृहस्थालाही करता येते, त्यासाठी रानात जावेच लागते असे नाही. परंपरा मानणारे म्हणतात, की ही विद्या बुद्धापासून अखंड चालत आली आणि सयाडोंनी ती लोकांना खुली केली. इतिहासकार म्हणतात, की परकी सत्तेच्या धक्क्याने ध्यानाचे हे पुनरुज्जीवन झाले. दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत : गृहस्थापुढचे दार उघडले ते या काळात.

त्या दारातून आत आलेला एक होता रंगूननजीक नदीपलीकडच्या खेड्यातला भातशेती करणारा माणूस, सया थेत जी. जन्म १८७३, कोसंबींच्याच पिढीचा. १९०३ च्या पटकीच्या साथीत त्याच्या घरातली माणसे गेली, त्यांत मुलगा आणि मुलगीही. तोही घर सोडून गुरू शोधत ब्रह्मदेशभर हिंडला. म्हणजे एकाच सुमारास एक गोमंतकीय आणि एक बर्मी शेतकरी, दोघेही संसार मागे टाकून त्याच देशात तेच शोधत होते. शेतकरी घरी परतला, शेतातच बसू लागला, आणि लेडी सयाडोंच्या सांगण्यावरून १९१४ च्या सुमारास इतरांना शिकवू लागला. भिक्षू न होता. शिष्य येत, शेताच्या कडेला राहत, बसत आणि परत जात.

यापुढची पायरी माझ्यासारख्याला विशेष जिव्हाळ्याची, कारण ती सरकारी कचेरीतली आहे. ऊ बा खिन यांचा जन्म मार्च १८९९ चा, म्हणजे कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षीचा. रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते कारकून म्हणून लागले. १९३७ मध्ये सया थेत जींकडे विपश्यना शिकले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ते देशाचे अकाउंटंट जनरल झाले. या गृहस्थाने नोकरी सोडली नाही. उलट कचेरीतच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायला सुरुवात केली. १९५० मध्ये कचेरीची विपश्यना संघटना निघाली आणि १९५२ मध्ये रंगूनमध्ये त्यांचे ध्यानकेंद्र उभे राहिले. शिवाय पुढे काही वर्षे एकाच वेळी निरनिराळ्या खात्यांचा कारभारही त्यांच्याकडे होता.

ज्याने आयुष्य हजेरीपटाजवळ काढले त्याला माणसाची खरी अडचण कळते. संसारी माणूस किती दिवस सुटू शकतो? तीन महिन्यांचा वस्सावास त्याला झेपत नाही, पौर्णिमेचा एक दिवस पुरत नाही. ऊ बा खिन यांच्या केंद्रात दहा दिवसांचा अभ्यासक्रम रुजला. त्याच काळात महासी सयाडो (१९०४–१९८२) रंगूनमध्ये वेगळ्या पद्धतीने हेच काम करत होते. पंतप्रधान ऊ नू यांच्या आमंत्रणावरून ते १९४९ मध्ये तिथे आले आणि त्यांच्या केंद्रातही हजारो गृहस्थ आठवडेच्या आठवडे राहून ध्यान करू लागले. भिक्षूचा विहार आणि गृहस्थाचे घर यांच्या मधोमध राहण्याची एक तिसरी जागा तयार झाली. आपण तिला शिबिर म्हणतो.

ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका. जन्म १९२४, मंडालेचा, मारवाडी व्यापारी कुटुंबातला. डोकेदुखीने हैराण होऊन १९५५ मध्ये ते प्रथम बसले. १९६९ च्या जूनमध्ये भारतात आले आणि ३ जुलै १९६९ रोजी मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांचे पहिले शिबिर सुरू झाले. नंतरची काही वर्षे केंद्र असे नव्हतेच. धर्मशाळा, शाळा, विहार, जिथे जागा मिळेल तिथे शिबिर. त्याच सुमारास जमिनीवरून युरोपातून भारतात येणाऱ्या तरुणांचा लोंढा सुरू होता. आपण त्यांना हणजूणच्या किनाऱ्यावर पाहिले आणि हिप्पी म्हणून नाके मुरडली. यांच्याच पिढीतले काही बुद्धगयेला बर्मी विहारात जाऊन गोएंकांसमोर बसले. तिथून घरी गेलेल्या अमेरिकनांपैकी काहींनी १९७०च्या दशकाच्या मध्यास मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरे गावी ध्यानकेंद्र काढले. इगतपुरीची धम्मगिरी सुरू झाली १९७६ मध्ये. कोसंबींना जे शोधायला गोव्यातून काशी, नेपाळ, कोलंबो, रंगून करत सगाईंपर्यंत जावे लागले, ते कसारा घाटाच्या माथ्यावर येऊन पोहोचले.

मीही अर्जित रजा टाकून तिथे जाऊन आलो. मडगावहून मांडवी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरायचे आणि तिथून नाशिककडची गाडी धरायची, एवढाच माझा ‘अद्धान’. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बसायचे, साडेसहाला न्याहरी, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवख्यांना चहा आणि थोडे फळ, रात्री प्रवचन, नऊनंतर झोप. फोन, पुस्तक, वही सगळे जमा. नऊ दिवस कोणाशी बोलायचे नाही, नजरही मिळवायची नाही. साडेतीन दिवस केवळ नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना. पैसे मागत नाहीत. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर हे चालते आणि स्वयंपाकघरात वाढणारेही तेच असतात.

विशुद्धिमार्गाच्या याद्या डोक्यात असल्याने मला तिथे वेगळीच करमणूक होती. फार मोठा विहार : हा दोष लागू. प्रसिद्ध : लागू. हमरस्त्यावरचा : लागू, कारण रात्री घाट चढून आलेल्या गाड्यांच्या शिट्ट्या स्पष्ट ऐकू येत. पलिबोधांचे म्हणाल तर तिसऱ्या दिवशी श्वास बाजूला राहिला आणि टेबलावर ठेवून आलेली एक फाईल पानापानाने डोळ्यांपुढे उलगडू लागली. ‘कर्म’ नावाचा अडथळा हा असा. गुडघे पेटले ते निराळेच. तरीही सहाव्या-सातव्या दिवशी कधीतरी असे झाले, की दुखते आहे आणि दुखते आहे हे मी पाहतो आहे, या दोन गोष्टी क्षणभर वेगळ्या झाल्या. याहून मोठे काही सांगण्याचा माझा अधिकार नाही.

बुद्धघोष अडथळे तोडून मग बसायला सांगतात. शिबिर अडथळे तोडत नाही, दहा दिवस दाराबाहेर ठेवते. चपला ठेवाव्यात तसे. परत जाताना त्या घालायच्या असतातच. यावर जुन्या वळणाचा साधक नाक मुरडेल, आणि त्याचे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. सगाईंच्या गुहेत जाणाऱ्याला परतीची तारीख नव्हती. आपल्याला ती पहिल्या दिवसापासून पाठ असते. त्यामुळे मन पुरते बुडत नाही. काठ दिसत असतो.

पण मग कोसंबींनी पुढे काय केले ते पाहा. १९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले, पाली शिकवता यावी म्हणून चीवर उतरवले आणि सुमारे सात वर्षांनी गोव्यात येऊन बाळाबाईंना आणि माणिकला भेटले. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा दामोदर जन्मला. मराठी लोकांना बुद्ध सांगायचा म्हणून कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना ५० रुपये त्यांनी पत्करले. विशुद्धिमार्गाच्या संपादनासाठी १९१० पासून अमेरिकेत हार्वर्डला पुन्हा पुन्हा गेले. त्याची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये निघाली. हार्वर्डची प्रत १९५० मध्ये छापून आली तेव्हा ते नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला, अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला होता. ‘ग्रंथ’ हा पलिबोध आहे असे सांगणाऱ्या ग्रंथातच त्यांची इतकी वर्षे गेली.

आणि तरी मला त्यांचे सर्वांत मोलाचे काम वाटते ते १९२५ चे ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक. गुजरात विद्यापीठात असतानाच्या काळातले हे लहानसे मराठी पुस्तक. ज्यासाठी आपण चीवर घातले, देश ओलांडले, त्या ध्यानाचे विषय त्यांनी पाली न येणाऱ्या वाचकापुढे ठेवले. हा मार्ग शिकायचा तर प्रत्येकाने आपल्यासारखेच घर सोडावे, असे वाटणारा माणूस मराठीत असे पुस्तक लिहीत नाही. रंगूनपलीकडच्या त्या शेतकऱ्याचे नाव त्यांच्या कानावर गेले होते की नाही, याने फरक पडत नाही. दोघे एकाच दिशेने चालले होते : विहाराच्या आतली गोष्ट उंबरठ्याबाहेर आणण्याच्या.

कोसंबींना मोठे म्हणताना आपण त्यांच्या त्यागाचे गुणगान करतो. ते योग्यच आहे. पण त्या त्यागातला एक वाटा दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर होता, हे सहसा लिहिले जात नाही. बुद्धाच्या गोष्टीतही यशोधरा मागे राहते. चिखलीच्या लाडांची ही मुलगी कुठल्या विहारात गेली नाही, पण तिचा नवरा परतेपर्यंत मौन तिनेही पाळले असणार. शिबिर नावाच्या या नव्या व्यवस्थेने ध्यान उथळ झाले की सर्वांचे झाले, यावर वाद होत राहील. घरी वाट पाहणाऱ्या माणसाची मुदत मात्र तिने सात वर्षांवरून दहा दिवसांवर आणली, आणि तेही काही थोडे नाही.